लिंक्स कोळी ओळखायचा कसा: आधी झाड, मग डोळे, मग नाव

ऑक्टोबरातल्या सकाळी तुरीच्या शेतातून चालताना एखाद्या झाडाच्या शेंड्याकडची दोन-तीन पानं धाग्यांनी एकमेकांकडे ओढलेली दिसली, तर तिथेच थांबा. झाडाला धक्का न लावता खाली वाका आणि पानांच्या आत बघा. वाळल्या गवताच्या रंगाची, बोराएवढी एक पिशवी धाग्यांवर लटकलेली असेल. तिच्या अंगावर बारीक बारीक टोकं वर आलेली असतील. आणि त्या पिशवीला पायांनी कवटाळून, डोकं खाली करून, पानाइतकीच हिरवी एक मादी बसलेली असेल. पायांवर काळे, ताठ काटे. तुम्ही आणखी जवळ गेलात तरी ती सहसा पळून जात नाही. पिशवीच्या दुसऱ्या अंगाला सरकते आणि तिथून तुमच्यावर नजर ठेवते.

हा हिरवा लिंक्स कोळी. शास्त्रीय नाव प्युसेशिया विरिडाना, किंवा त्याच्या अगदी जवळचा भाऊबंद. नक्की कोण, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता का येत नाही ते पुढे येईलच.

हा लेख ज्यांनी आजवर कोळी म्हणजे घराच्या कोपऱ्यातलं जळमट एवढंच पाहिलं आहे त्यांच्यासाठी आहे. हातात साधा फोन आणि सकाळचा तासभर वेळ असला की पुरे. माझं एकच सांगणं आहे आणि ते लेखभर पुन्हा पुन्हा येणार आहे: लिंक्स कोळी शोधायचा असेल तर आधी झाड ओळखायला शिका. कोळ्याचा फोटो हजारो लोक काढतात, पण तो कुठल्या झाडावर, किती उंचीवर, पानाच्या वर की खाली बसला होता हे लिहून ठेवणारे फार थोडे. ओळख पटवताना निम्मं काम त्या नोंदीनं होतं.

लिंक्स हे नाव का?

लिंक्स हे रानमांजर आहे, आपल्याकडे लडाखच्या उंच भागात ते आढळतं. हे कोळी सावज पकडायला जाळं विणत नाहीत. फांदीवर, फुलावर दबा धरून बसतात, आणि माशी-पतंग टप्प्यात आला की मांजरासारखी झेप घेऊन काटेरी पायांच्या टोपलीत त्याला पकडतात. उडी मारताना मागे एक धागा चिकटवलेला असतो. नेम चुकला तर त्याच धाग्याला लोंबकळून पुन्हा वर येतात.

यांच्या कुळाचं नाव ऑक्सिओपिडी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तीक्ष्ण नजरेचा. जगभरात या कुळातल्या 450 हून जास्त जाती नोंदल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. आपल्याकडे नवख्या माणसाची गाठ प्रामुख्यानं दोन गटांशी पडते: तपकिरी-पिवळे, पट्टेरी ऑक्सिओपीस, आणि हिरवे प्युसेशिया. तिसरा एक आहे, हॅमॅटॅलिवा. पण तो काटकीला इतका चिकटून, अंग चोरून बसतो की एखादी कळी किंवा सालीचा फुगवटाच वाटावा. तो पहिल्याच वर्षी दिसला नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

1. निघताना बरोबर काय घ्याल

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, वही-पेन्सिल, फोन, आणि जमलं तर फोनला लावायची छोटी मॅक्रो लेन्स. एक पांढरी किंवा फिक्या रंगाची छत्री. मेडिकलच्या दुकानात तपासणीच्या नमुन्यासाठी मिळते तसली एक स्वच्छ, पारदर्शक डबी. पायात बूट, कारण पावसाळ्यानंतरच्या गवतात फुरसं आणि घोणस असतात. बस्स.

शेतात जाणार असाल तर मालकाला आधी विचारा आणि फवारणी कधी झाली तेही विचारा. नुकत्याच फवारलेल्या तुरीत किंवा कपाशीत शिरू नका. तिथे तुम्हालाही धोका आहे आणि बघायला कोळीही उरलेले नसतात. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय कुठलाही जीव गोळा करता येत नाही. तिथे फक्त फोटो.

2. आधी झाड

नवीन माणूस टेकडीवर गेला की जमिनीकडे, दगडांखाली बघत फिरतो. लिंक्स कोळी तिथे नसतो. तो झुडपांवर, उंच गवतावर, पिकाच्या शेंड्यांवर राहतो, साधारण गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत. म्हणजे तुम्हाला फार वाकायचंही नाही आणि मान वर करून बघायचंही नाही. चालण्याचा वेग मात्र कमी करा. दहा पावलं चाललात की एका झुडपापाशी पूर्ण दोन मिनिटं उभे राहा. पहिलं मिनिट काहीच दिसत नाही. दुसऱ्या मिनिटात नजर स्थिरावते आणि मग पानाच्या कडेला काट्यांची एक जोडी दिसते.

आता कुठलं झुडूप? इथे एक गोष्ट लक्षात ठेवली तर तुमचे कितीतरी तास वाचतील. हिरव्या लिंक्सला चिकट झाडांची ओढ असते. काही झाडांच्या खोडा-पानांवर बारीक लव असते आणि त्या लवेच्या टोकाला चिकट द्रवाचा थेंब असतो. टोमॅटोचं रोप हाताळल्यावर बोटांना हिरवट-पिवळा डाग पडतो आणि उग्र वास येतो, तो याच लवेचा. तंबाखूला ती असते, पिवळ्या तिळवणीला असते, तुरीच्या शेंगांना असते, आणि आता टेकड्या-माळांवर सगळीकडे पसरलेल्या रानतुळशीलाही असते. ही रानतुळस मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. तिचा वास वाटेवरून चालतानाच येतो.

या चिकट लवेत मावा, तुडतुडे, बारीक माश्या अडकून पडतात. दुसरे कोळी तिथे अडखळतात, हिरवा लिंक्स मात्र त्यावरून सहज चालतो आणि अडकलेलं आयतं सावज उचलतो. ब्राझीलमध्ये प्युसेशियाच्या तिथल्या जातींवर यासंबंधी बरंच काम झालं आहे. चिकट लव असलेल्या अनेक वनस्पतींवर ते कोळी मुद्दाम राहतात, आणि कोळी असलेल्या झाडांना किडींचा उपद्रव कमी होतो, असं तिथल्या संशोधकांना आढळलं. कोळ्याला अन्न, झाडाला राखण. आपल्याकडच्या टेकडीवर उभं राहून हे डोळ्यांनी पडताळून बघता येतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

म्हणून पायरी सोपी आहे. झुडपापाशी थांबलात की कोवळ्या खोडावरून बोट फिरवा. चिकट लागलं, वास आला, तर तिथे जास्त वेळ द्या. शेंडा बघा, फुलोरा बघा, मग वरच्या तीन-चार पानांची खालची बाजू बघा. कोळ्याच्या आधी त्याची खूण दिसते: एकमेकांकडे ओढलेली पानं, फुलोऱ्यातून गेलेले विस्कळीत धागे, किंवा चोखून टाकलेल्या माशीचं पोकळ कवच.

पट्टेरी ऑक्सिओपीसला मात्र चिकट झाडच लागतं असं नाही. तो गवतात, सोयाबीनमध्ये, कपाशीवर, घाणेरीच्या जाळीत, बागेतल्या जास्वंदीवरसुद्धा भेटतो. कोकणात आणि मावळात भातखाचरात तो हमखास असतो, लोंब्यांच्या आणि वरच्या पातींच्या आसपास. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं शेतकऱ्यांसाठी सांगितलेल्या माहितीनुसार भातातला एक लिंक्स कोळी दिवसाला दोन-तीन पतंग मारतो. पतंग म्हणजे खोडकिड्याची पुढची पिढी. एका मादी पतंगानं किती अंडी घातली असती हे भात लावणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

शोधूनही काही दिसलं नाही तर छत्री उघडा, झुडपाखाली उलटी धरा आणि फांदीवर काठीनं दोन-तीनदा हलकेच टकटक करा. फांदी मोडायची नाही, पानं झडतील इतकं बडवायचं नाही. छत्रीत जे पडेल त्यात मुंग्या, ढेकणासारखे किडे, अळ्या आणि नशीब असेल तर दोन-तीन कोळी. एखादा टुणकन उडी मारून छत्रीच्या कडेला गेला, तर तुमचा लिंक्स सापडला असं समजून भिंग काढा. पण अंड्यांवर बसलेली मादी दिसत असेल त्या झुडपाला हात लावू नका.

वर्षातला चांगला काळ म्हणजे पावसाळ्याचा शेवट ते डिसेंबर. जूनमध्ये दिसणारे बहुतेक पिटुकले असतात. सप्टेंबरपासून वयात आलेले नर-मादी दिसायला लागतात, आणि तूर फुलोऱ्यात येते तेव्हा अंड्यांच्या पिशव्या. वेळ सकाळी सात ते नऊ. दव असताना पानांवरचे धागेही चमकतात.

3. हा लिंक्सच आहे का?

तीन खुणा आहेत. तिन्ही जुळल्या तरच पुढे जा.

पायांवरचे काटे ही पहिली. बारीक केस नव्हेत, लांब, काळे, पायाशी जवळपास काटकोनात उभे असणारे काटे. बाभळीच्या फांदीला शोभतील असे. नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

दुसरी खूण पोटाचा आकार. पुढे रुंद आणि मागे निमुळतं होत टोकदार. घरातल्या कोळ्याचं पोट गोल असतं, याचं तसं नसतं. अंडी घालण्याआधी मादी फुगते तेव्हाही मागचं टोक अणकुचीदारच राहतं.

तिसरी आणि पक्की खूण डोळे. भिंगातून समोरून बघा. आठ डोळे आहेत. सगळ्यात खाली दोन अगदी बारीक. त्यांच्या वर, जरा बाजूला, दोन मोठे. आणि त्याच्याही वर चार. खालचे दोन बारीक सोडले तर उरलेले सहा मिळून षटकोन होतो. एकदा हा षटकोन डोळ्यांत बसला की आयुष्यभर विसरत नाही. मी नवीन लोकांना वहीत आठ ठिपके काढायला सांगतो. हातानं एकदा काढलं की शेतात लगेच ओळखू येतं.

आता फसवणारे कोण? उड्या मारणारे छोटे कोळी, ज्यांना आपण भिंतीवर माश्या पकडताना बघतो, त्यांचे समोरचे दोन डोळे गाडीच्या दिव्यांसारखे मोठे असतात. तिथे षटकोनाचा प्रश्नच नाही. लांडगा कोळी तपकिरी असतो आणि गवतात पळतो. त्याचे चार बारीक डोळे खाली एका रांगेत आणि वर दोन मोठे. शिवाय त्याची मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला बांधून फिरते आणि पिल्लं पाठीवर घेते. लिंक्सची मादी पिशवी एका जागी बांधते आणि तिथेच पहारा देते.

हिरव्या रंगानं सगळ्यात जास्त घोळ होतो. पानाला चपटा चिकटून, पुढचे दोन्ही जोडीचे लांब पाय समोर ताणून बसलेला हिरवा सडपातळ कोळी हा बहुधा खेकडा कोळ्यांपैकी असतो. तो तिरका चालतो. फिकट पिवळसर-हिरवा, गडद जबड्यांचा, गुंडाळलेल्या पानात रेशमी पिशवीत झोपलेला कोळी वेगळ्याच कुळातला, त्याच्या पायांवर असे ठळक काटे नसतात. आणि मोठा, पाय दोन्ही बाजूंना पसरून बसणारा हिरवा कोळी हंट्समन गटातला असू शकतो. म्हणून रंग ही शेवटी बघायची गोष्ट आहे. काटे, पोट, डोळे, आणि मग रंग.

4. पट्टेरी की हिरवा

लिंक्स ठरला. आता गट.

ऑक्सिओपीस लहान, साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर. रंग तपकिरी, मातकट, पिवळसर, कधी पांढरट. त्याच्या चेहऱ्याकडे बघा. बऱ्याच जातींत डोळ्यांपासून दोन काळ्या रेषा सरळ खाली जबड्यांवर उतरतात, काजळ ओघळल्यासारख्या. काही जातींत पायांच्या वरच्या जाड भागाच्या खालून एक काळी रेघ जाते. ती वरून दिसत नाही, कोळ्याला डबीत घेऊन तळातून बघावं लागतं. ही रेघ आहे की नाही, पूर्ण आहे की तुटक, हे नक्की टिपा. भातातले आणि पिकांतले ऑक्सिओपीस जावानस आणि ऑक्सिओपीस लिनिअटिपीस यांच्या बाबतीत अशा रेघा महत्त्वाच्या ठरतात. लिनिअटिपीस या नावाचा अर्थच रेघांच्या पायांचा.

प्युसेशिया मोठा. मादी साधारण दीड सेंटीमीटरची, पाय लांब आणि नाजूक. अंग पोपटी-हिरवं, उन्हात अर्धपारदर्शक वाटावं असं. पोटाच्या पाठीवर फिक्या, चंदेरी-पांढऱ्या तिरप्या खुणा, बाणाच्या टोकांसारख्या एकामागोमाग एक. पाय पिवळसर हिरवे, आणि काट्यांच्या बुडाशी काळे ठिपके. नर सडपातळ, मादीपेक्षा लहान.

अंड्यांची पिशवीही बोलते. ऑक्सिओपीसची पिशवी चपटी, बटणासारखी, काटकीला किंवा पानाला चिकटवलेली असते आणि मादी तिच्यावर पाय पसरून बसते. प्युसेशियाची पिशवी गोलसर, टोकं आलेली, धाग्यांच्या गुंत्यात टांगलेली. कोळी पळून गेला आणि पिशवी तेवढी दिसली तरी गट सांगता येतो.

5. चार फोटो

माझ्याकडे जुन्या फोटोंचा एक अख्खा फोल्डर आहे, एका सकाळी काढलेले चाळीसएक फोटो, सगळे वरून. सुंदर आहेत. पण एकातही चेहरा नाही, पायांची खालची बाजू नाही, आणि त्या दिवशी झाडाचं नाव लिहिलं नव्हतं. तो कोळी कोण होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हापासून क्रम ठरवून घेतला आहे.

पहिला फोटो लांबून, झाडासकट, म्हणजे फूल-पान ओळखता येईल. दुसरा वरून, पूर्ण अंग येईल असा. तिसरा समोरून, डोळ्यांचा. यासाठी कोळ्याच्या पातळीवर खाली यावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा तुमच्याकडे स्वतःच तोंड वळवतो कारण त्याची नजर चांगली आहे. सावली त्याच्यावर पडू देऊ नका, सावली पडली की तो पानाखाली जातो. चौथा खालून. त्यासाठी डबी हलकेच समोर धरा, मागून गवताच्या काडीनं स्पर्श करा, तो आपणहून आत उडी मारतो. चिमटीत धरू नका. दाबला गेला तर चावू शकतो. चावा माणसाला धोकादायक नसतो, पण त्याचे पाय फार नाजूक असतात आणि निखळतात.

डबीत तो दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, उन्हात तर अजिबात नाही. सोडताना त्याच झाडावर, त्याच उंचीवर सोडा.

6. नाव किती पक्कं द्यायचं

इथे नवख्यांची घाई होते. हिरवा दिसला की लगेच प्युसेशिया विरिडाना लिहून मोकळे. मला ही घाई थांबवावीशी वाटते, आणि त्याला कारण आहे.

विरिडाना हे नाव 1869 साली फर्डिनंड स्टोलिझ्का यांनी दिलं. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, जन्मलेला हा माणूस भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जीवाश्मांचा अभ्यासक होता. मूळ काम दगडांचं, पण पक्षी, गोगलगायी, सरडे, कोळी, जे दिसेल त्याची नोंद करत गेला. मध्य आशियातल्या यारकंदच्या मोहिमेवरून परतताना 1874 साली लडाखमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय 36. त्याच्यानंतर भारतात प्युसेशियाच्या डझनाहून जास्त जातींची नावं नोंदली गेली. अलीकडे, 2022 साली, राजस्थानात चुरू जिल्ह्यातल्या ताल छापर अभयारण्यातून बाभळीवरच्या एका हिरव्या लिंक्सची नवी जात म्हणून नोंद झाली. म्हणजे तुमच्या समोरचा हिरवा कोळी विरिडानाच असेल असं गृहीत धरता येत नाही.

पट्टेऱ्यांचीही तीच गत. पुण्यातही बरीच वर्षं काम केलेले भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे बी. के. टिकादर यांनी 1970 साली ऑक्सिओपीसच्या ज्या जातींना नावं दिली त्यात श्वेता आहे, सुनंदा आहे, रत्ना आहे, शकुंतला आहे. शास्त्रीय नावांच्या यादीत आपल्या घरातली नावं भेटली की फार बरं वाटतं. पुढे 2008 मध्ये सर्वेक्षणानं भारतातल्या लिंक्स कोळ्यांवर स्वतंत्र खंडच काढला. इतक्या जाती एकमेकींसारख्या दिसत असताना वेगळ्या कशा ओळखायच्या? नराच्या तोंडाजवळ दोन आखूड पायांसारखे अवयव असतात, पाल्प. वयात आलेल्या नरात त्यांचं टोक मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखं फुगतं आणि त्याची आतली रचना प्रत्येक जातीत वेगळी. मादीच्या पोटाखाली, पुढच्या भागात, मध्यावर एक गडद, कडक चकती असते, तिचा आकारही जातीजातीत वेगळा. हे सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. पाल्प फुगलेला नाही आणि चकतीही दिसत नाही, म्हणजे पिल्लू. पिल्लाची जात तज्ज्ञही नुसत्या फोटोवरून सांगत नाहीत.

तेव्हा वहीत आणि आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गातल्या नोंदी फोटोसह टाकायच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना "प्युसेशिया, जात अनिश्चित" एवढंच लिहा. ही नोंद अर्धवट मानू नका. नावाचं शुद्धलेखन आणि आजचं मान्य रूप बर्नच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये तपासता येतं. जुन्या जातींची वर्गवारी बदलत असते, तिथे ते बदल वेळोवेळी नोंदले जातात.

आता तुमच्या नोंदीचं मोल कशात आहे ते सांगतो. संग्रहालयातले कोळी अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि अल्कोहोलमध्ये हा हिरवा रंग उडतो. बाटलीतला हिरवा लिंक्स काही काळानं पिवळट, फिका दिसतो. जिवंतपणी तो कसला हिरवा होता, पाठीवरच्या खुणा चंदेरी होत्या की पांढऱ्या, कुठल्या झाडावर बसला होता, काय खात होता, यातलं काहीही बाटली सांगत नाही. ते तुम्ही सांगू शकता.

7. वहीतलं पान

नमुन्यादाखल माझ्या वहीतली एक नोंद देतो, तिच्यात काय काय येतं ते बघा:

"12 ऑक्टोबर, सकाळी 8.20. तूर, फुलोरा सुरू. बांधापासून तिसरी ओळ. जमिनीपासून अंदाजे 90 सेंटीमीटर, शेंड्याकडच्या पानांच्या खाली. हिरवी मादी, पोट बारीक झालेलं, पिशवीवर बसलेली. पिशवी गवती रंगाची, टोकं स्पष्ट. चार पानं धाग्यांनी ओढलेली. खालच्या फांदीवर मेलेली मधमाशी, कोरडी. दव होतं, वारा नाही. गेल्या आठवड्यात फवारणी नाही असं मालक म्हणाले."

मेलेली मधमाशी मुद्दाम लिहिली आहे. हे कोळी शेंगा पोखरणाऱ्या अळीचे पतंग खातात, तुडतुडे खातात, आणि फुलावर आलेली मधमाशीसुद्धा खातात. त्यांना शेतकऱ्याचा मित्र म्हणणं बरोबरच आहे, पण नोंद करणाऱ्यानं जे दिसलं ते सगळं लिहावं.

सुतळीचा एक तुकडा त्या झाडाच्या खालच्या फांदीला सैल बांधून ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी परत या. मादी या काळात पिशवी सोडून फारशी लांब जात नाही. मुंग्या वर चढताना दिसल्या तर ती काय करते ते बघा. पानं वाळायला लागली तर धागे वाढवते का ते बघा. अमेरिकेतल्या हिरव्या लिंक्सच्या जातीत मादी पिल्लांची वेळ भरली की पिशवीचं कवच स्वतः फाडून त्यांना वाट करून देते, असं नोंदलं आहे. तुमच्या तुरीवरची मादी हे करते का, हे बघायला पहाटे लवकर जावं लागेल.

पिल्लं बाहेर आली की काही दिवस पिशवीभोवतीच्या धाग्यांवर गर्दी करून राहतात, नारिंगी-पिवळसर ठिपक्यांसारखी. मग एखाद्या सकाळी, दव सुकून हवा जरा गरम झाली की ती एकेक करून शेंड्याच्या टोकाला चढतात, पोटाचं टोक वर करतात, धागा हवेत सोडतात आणि वाऱ्यावर जातात. सूर्याकडे तोंड करून, झाड आडोशाला येईल असे उभे राहिलात तर ते धागे क्षणभर दिसतात.

तोवर सुतळी काढू नका.